तासाभराची बधिरता

पायाच्या तळव्यात दिलेले इंजेक्शन दंडातल्या किंवा कमरेतल्या इंजेक्शनापेक्षा कितीतरी जास्त दुखते. याला कारण तळव्याची घडणच आहे. पापणीच्या कातडीचा वरचा थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका पातळ असतो. तळव्यावर तोच थर सुमारे दीड मिलिमीटरचा, म्हणजे तीसपट जाड. त्याखाली चरबीची गादी असते, पण चिवट तंतूंच्या उभ्या पडद्यांनी तिचे लहान लहान कप्पे पाडलेले असतात. हे पडदे कातडीला आतून घट्ट धरून ठेवतात, म्हणूनच चालताना तळव्याची कातडी हाताच्या पाठीवरच्या कातडीसारखी सरकत नाही. या कप्प्यात औषध सोडायला गेले तर त्याला पसरायला जागा मिळत नाही. दाब वाढतो आणि पेशंट खाटेवरून उठून बसतो. बधिर करण्याची गरज जिथे सर्वांत जास्त, तिथेच बधिर करणे सर्वांत अवघड, असा हा पेच आहे. वैद्यकशास्त्राने तो ज्या रीतीने सोडवला ती रीत मला फार थोर वाटते. तळव्याला हातही न लावता, घोट्यामागे एका जागी सुई देऊन जवळजवळ अख्खा तळवा तासाभरासाठी झोपवता येतो.

हा विषय वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या अंगाने मांडण्याला अर्थ आहे. मालेगाव, मेडशी, शिरपूर जैन, किन्हीराजा या पट्ट्यातले बहुतेक जगणे काळ्या जमिनीवर, सोयाबीन आणि तुरीवर चालते, आणि वर्षभरात त्या जमिनीचा सगळा मार पायांना बसतो. पावसाळ्यात निंदणाला दिवसभर ओल्या वावरात वावरणाऱ्या बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. सोयाबीनची सोंगणी झाली की जमिनीत तिरपे कापलेले खुंट उरतात आणि ते चपलेच्या तळातूनही आत घुसतात. धुऱ्यावर बाभळीचा आणि बोरीचा काटा असतोच. थंडीत टाचांना भेगा पडतात. आषाढी वारीसाठी शेगावहून पंढरपूरला पायी निघणारी गजानन महाराजांची पालखी याच तालुक्यातून, मेडशी आणि शिरपूरवरून पुढे रिसोडकडे जाते, तेव्हा शेकडो पावलांवर पाण्याचे फोड आलेले असतात. (फोडाला भूल लागत नाही. स्वच्छ सुईने पाणी काढावे आणि वरची कातडी तशीच राहू द्यावी, तीच उत्तम पट्टी.)

तळव्यावर जे काही टणक आणि दुखरे होते त्या सगळ्याला आपल्याकडे सरसकट कुरूप म्हटले जाते. डॉक्टरला मात्र त्यात तीन-चार वेगळ्या गोष्टी ओळखाव्या लागतात, कारण भूल द्यायची की नाही हे त्यावर ठरते. घट्टा म्हणजे नुसती घासून जाड झालेली कातडी. खरे कुरूप, म्हणजे भोवरी, हे दाबामुळे एका बिंदूवर आत शिरलेले कठीण केराटिन असते. वरून सरळ दाबले की ते दुखते. चामखीळ ही विषाणूची लागण आहे. ती दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबली की जास्त दुखते, कातडीवरच्या रेषा तिच्यावरून न जाता तिच्याशी येऊन तुटतात, आणि वरचा थर तासला की काळे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे रक्त गोठलेल्या बारीक केशवाहिन्या. चौथी गोष्ट म्हणजे आत राहिलेला काटा. त्याच्याभोवती शरीर कठीण गाठ बांधते आणि ती महिनोन् महिने कुरूप म्हणून तासली जाते. लाकडी काटा साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही, सोनोग्राफीत मात्र सापडतो.

साध्या कुरुपाला आणि घट्ट्याला भुलेची गरज नसते. त्यांचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, त्यात मज्जातंतूच नसतात. सराईत हाताने ब्लेडने तासले तर पेशंटला काही कळत नाही, उलट उठून चालताच हलके वाटते. पण दाबाचे कारण, म्हणजे अरुंद बूट, वाकडे बोट किंवा झिजलेली चप्पल, तसेच राहिले तर कुरूप परत येते. कुरूप मुळासकट कापून काढा असा आग्रह धरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. तळव्यावर खोल कापले की तिथे व्रण उरतो, आणि त्या व्रणावर पाऊल पडताना कुरुपापेक्षा जास्त दुखू शकते. ते दुखणे मग जन्माचे.

आपल्या जुन्या वैद्यांनी हे सगळे नीट पाहिले होते. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या अध्यायात ‘कदर’ नावाने कुरुपाचे वर्णन आहे: खडा किंवा काटा लागून तळव्यावर होणारी, खिळ्यासारखी कठीण गाठ. घाणेरड्या चिखलाच्या स्पर्शाने बोटांमध्ये होणारा ‘अलस’ हा तर हुबेहूब आपल्या चिखल्यांचा विकार, आणि टाचांच्या भेगांना तिथे ‘पाददारी’ हे नाव आहे. कदरावरचा उपाय म्हणजे ते कापून काढून तापलेल्या तेलाने जागा डागणे. ज्याला वेदना सोसवणार नाही त्याला शस्त्रक्रियेपूर्वी तीक्ष्ण मद्य पाजावे, असेही सुश्रुत सांगतो. रोग्याचे दुखणे मोजण्याची ही दृष्टी दोन हजार वर्षे जुनी आहे. साधन मात्र तेवढेच होते.

साधनाअभावी लोकांनी हाताशी असेल ते वापरले. काटा वर यावा म्हणून रुईचा चीक घातला गेला. वऱ्हाडात बिब्बा घराघरात असे. गरम सुईवर धरून त्याचे तेल काटा रुतलेल्या जागी किंवा कुरुपावर सोडत. बिब्ब्याचे तेल कातडी अक्षरशः जाळते. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांचे हात पाहिले की ते कळते. कधी त्या जळण्याने वरचा कठीण थर गळून पडे आणि गुण आल्यासारखे वाटे. पण कितीतरी वेळा आसपासची चांगली कातडी फोडांनी भरून जाई आणि मूळ दुखणे तसेच राही.

औषधाने जागा बधिर करण्याची गोष्ट १८८४ साली सुरू झाली. व्हिएन्नातला कार्ल कोलर हा तरुण डॉक्टर कोकेनचा द्रव बेडकाच्या आणि नंतर स्वतःच्या डोळ्यात घालून टाचणीने बुबुळाला स्पर्श करत होता, आणि त्याला काहीच जाणवत नव्हते. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरला हायडेलबर्गच्या नेत्रवैद्यांच्या परिषदेत हा शोध वाचला गेला, तोही दुसऱ्याने, कारण कोलरकडे प्रवासाचे पैसे नव्हते. लगेच अमेरिकेत विल्यम हॉल्स्टेडने मज्जातंतूच्या शेजारी कोकेन टोचून पुढचा सगळा भाग बधिर करता येतो हे दाखवले, आणि त्या प्रयोगांत स्वतः व्यसनी झाला. १९०५ च्या सुमारास जर्मनीत आलेल्या प्रोकेनने व्यसनाचा धोका टाळला. पण आज गावोगावच्या दवाखान्यात जी बाटली असते ती लिग्नोकेनची, आणि तिचा जन्म सातूच्या रोपात आहे.

१९३० च्या दशकात स्वीडनमध्ये हिरवेपणा नसलेल्या सातूच्या रोपांचा अभ्यास चालू होता. त्यात सापडलेल्या एका क्षाराभाचा जुळा रेणू बनवताना होल्गर एर्टमनने त्याची चव घेतली आणि जीभ बधिर झाली. हा धागा धरून निल्स लोफग्रेन आणि त्याचा विद्यार्थी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी एकामागून एक रेणू तयार केले, आणि १९४३ मध्ये लिग्नोकेन हाती आले. लुंडक्विस्टने ते स्वतःच्याच बोटांना टोचून तपासले. १९४८ मध्ये ते ‘झायलोकेन’ या नावाने बाजारात आले. आपल्याकडे डॉक्टर आणि नर्स आजही औषधापेक्षा हे नावच जास्त वापरतात.

हे औषध करते काय? मज्जातंतूच्या आवरणात सोडियमसाठी सूक्ष्म दारे असतात. ती ओळीने उघडत गेली की संदेश मेंदूकडे धावतो. लिग्नोकेनचा रेणू दोन रूपांत असतो, विद्युतभार नसलेला आणि असलेला. भार नसलेले रूप चरबीच्या आवरणातून आत शिरते, आत गेल्यावर भार घेते, आणि मग आतल्या बाजूने त्या दाराला अडसर घालते. संदेश तिथेच थांबतो. दुखणे वाहून नेणारे बारीक तंतू आधी शांत होतात. स्पर्श आणि दाब नेणारे जाड तंतू उशिरा, कधी कधी अर्धवटच. म्हणूनच पेशंटला ओढल्याचे, दाबल्याचे कळते पण दुखत नाही. हे आधी सांगितले नाही तर तो घाबरतो आणि ‘भूल चढलीच नाही’ असे म्हणतो. इंजेक्शनआधी दोन मिनिटे बोलणारा डॉक्टर निम्मे काम तिथेच करून टाकतो, असे माझे मत आहे.

याच रसायनातून व्यवहारातला एक महत्त्वाचा नियम निघतो. पू झालेली जागा आम्लधर्मी असते. तिथे रेणूचे भार नसलेले रूप फार कमी उरते, औषध आत शिरतच नाही. नख बोटात रुतून अंगठा सुजला, ठणकू लागला, तर त्या सुजलेल्या जागीच सुई देणे व्यर्थही असते आणि क्रूरही. सुई द्यायची ती अंगठ्याच्या बुंध्याशी, निरोगी कातडीत. बोटाला चार छोटे मज्जातंतू येतात. दोन्ही बाजूंना मिळून तीन-चार मिलिलिटर औषध हळूहळू सोडले आणि पाच-दहा मिनिटे थांबले की पूर्ण अंगठा बधिर होतो. मग नखाची रुतलेली कड काढून तिच्या मुळाशी फिनॉल लावतात, म्हणजे ती कड पुन्हा उगवत नाही. बोटाला रक्त थांबवण्यासाठी बांधलेला रबरी पट्टा शेवटी काढला की नाही हे मात्र दोनदा पाहावे लागते. तो पट्टीखाली विसरला गेल्याने बोट गमावल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

आता तळव्याकडे. पायाच्या पंज्याला घोट्यापाशी पाच मज्जातंतू येऊन मिळतात. तळव्याचा बहुतेक भाग एकाच्याच ताब्यात असतो. त्याला पश्च टिबियल मज्जातंतू म्हणतात. आतल्या बाजूच्या घोट्याचे हाड आणि टाच यांच्या मध्ये बोट ठेवले की तिथे रक्तवाहिनीचा ठोका लागतो. हा मज्जातंतू त्या ठोक्याच्या लगेच मागे असतो. इथली कातडी पातळ आणि सैल, सुई सहज सोसते. ती रक्तवाहिनीत तर गेली नाही ना, हे दट्ट्या मागे ओढून पाहतात, आणि पाचेक मिलिलिटर औषध मज्जातंतूच्या आसपास सोडतात, त्याच्या आत कधीच नाही. टोचताना तळव्यात वीज चमकल्यासारखे झाले तर सुई थोडी मागे घेतात. मग दहा ते पंधरा मिनिटे वाट पाहायची. बाहेरच्या कडेचे काम असेल तर बाहेरच्या घोट्यामागच्या सुरल मज्जातंतूलाही थोडे औषध द्यावे लागते.

या दहा मिनिटांत जे घडते ते पाहण्यासारखे असते. आधी घाम थांबतो. तळवा कोरडा आणि उबदार होतो, कारण रक्तवाहिन्या आवळून धरणारे तंतू सर्वांत आधी ढिले पडतात. मग टोचणे कळेनासे होते, मग गरम-गार. माणूस पूर्ण शुद्धीवर, गप्पा मारत असतो आणि त्याचा तळवा तेवढा झोपलेला असतो. भूलतज्ज्ञ लागत नाही, उपाशीपोटी यावे लागत नाही, आणि सगळे ठीक असेल तर माणूस त्याच दिवशी घरी जातो. तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयासाठी याहून सोयीची भूल नाही. आत मोडलेला बाभळीचा काटा शोधण्यासाठी, तळव्यावरच्या गाठीचा तुकडा तपासणीला काढण्यासाठी, चामखिळी विजेने किंवा लेझरने जाळण्यासाठी तळव्याचा असा निवांत तास मिळणे मोलाचे असते.

चामखिळीच्या बाबतीत तर याहून नवलाची गोष्ट आहे. चामखिळीचा विषाणू कातडीच्या सर्वांत वरच्या थरात राहतो, जिथे रक्तवाहिन्या पोचत नाहीत. शरीराच्या पहारेकऱ्यांना त्याचा पत्ताच लागत नाही. १९६९ मध्ये फॉकनर या अमेरिकी पाय-तज्ज्ञाने एक रीत प्रसिद्ध केली. पाय बधिर करून एकाच चामखिळीला सुईने असंख्य टोचे मारायचे, अगदी खालच्या चरबीपर्यंत, म्हणजे विषाणूचे अंश आत ढकलले जातात आणि शरीराला त्याची ओळख पटते. ही रीत सफल होते तेव्हा न टोचलेल्या चामखिळीही, कधी दुसऱ्या पायावरच्यासुद्धा, काही आठवड्यांत वाळून जातात. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याच विचारावर आणखी एक पद्धत वापरली आहे. चामखिळीचा छोटा तुकडा काढून पेशंटच्याच कातडीखाली दुसरीकडे पुरायचा. दरवेळी गुण येतोच असे नाही. पण भुलेशिवाय यातले काहीच शक्य नाही, कारण जाग्या तळव्यावर असे टोचे कोणी सहन करणार नाही.

सुईच नको असे म्हणणाऱ्यांसाठी मलमही आहे. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन ही दोन्ही पांढरी भुकटी. पहिली ६८ अंश सेल्सियसला वितळते, दुसरी ३८ च्या आसपास. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळल्या की मिश्रण १८ अंशालाच वितळून तेल होते. त्यापासून केलेले मलम लावून वर चिकटपट्टीने तासभर झाकले की साधी कातडी वरून सुमारे तीन मिलिमीटरपर्यंत बधिर होते. पायावरच्या जुन्या जखमा साफ करताना त्याचा चांगला उपयोग होतो. तळव्याच्या जाड कातडीतून मात्र ते पुरेसे झिरपत नाही. तिथे सुईला पर्याय नाही, आणि सुईची योग्य जागा घोट्यामागेच.

घोट्यामागचा हाच मज्जातंतू विदर्भाच्या दुसऱ्या एका मोठ्या दुःखाशी बांधलेला आहे. कुष्ठरोगाच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडीजवळून जाणारा पश्च टिबियल मज्जातंतू त्याच्या तावडीत फार वेळा सापडतो. मग तळव्याला जे होते ते लिग्नोकेनने होते तसेच: घाम थांबतो, कातडी कोरडी पडते, टोचणे कळत नाही, गरम कळत नाही. फरक एवढाच की हे बऱ्याचदा परत फिरत नाही. कोरड्या तळव्याला भेगा पडतात, चपलेतला खडा दिवसभर टोचत राहिला तरी समजत नाही, निखाऱ्यावर पाय पडला तरी समजत नाही. जखम हाडापर्यंत जाते आणि बोटे झिजत जातात. १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला, पुढे १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी वरोड्याजवळ आनंदवनात, आणि शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात ज्या माणसांना जवळ केले, त्यांतल्या अनेकांच्या तळव्यांची कथा हीच होती. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी जगाला पटवून दिले की ही बोटे रोगाने गळून पडत नाहीत, दुखणे कळत नसल्याने ती इजा होत होत नष्ट होतात. अशा पायाची जखम कापून साफ करताना सर्जनला भूल द्यावी लागत नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत यापेक्षा वाईट सोय दुसरी नाही.

बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात आला आणि कुष्ठरोग वेळेवर गाठला तर पूर्ण बरा होऊ लागला. गेलेली संवेदना मात्र बऱ्याचदा परत येत नाही, म्हणून सरकारी कार्यक्रमातून मऊ एमसीआर रबराच्या चपला दिल्या जातात. आता तीच बधिरता मधुमेहातून येते आहे. म्हणून तळव्याच्या कोणत्याही इलाजाआधी, भूल देण्याच्याही आधी, संवेदना तपासायला हवी. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायचा आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचे, ‘लागलं का?’ ज्याला लागत नाही त्याने औषधाच्या दुकानातली कुरुपाची पट्टी लावू नये. तिच्यातल्या आम्लाने चांगली कातडी जळते आणि त्याला ते कळत नाही.

काट्याच्या इजेतून तळव्यात येणारा आणखी एक रोग आहे. त्यात पाऊल सुजते, नाल्यासारखी भोके पडतात आणि त्यांतून काळे किंवा पांढरे दाणे बाहेर येतात. हा मदुरा फूट. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी १८६० च्या आसपास त्याचे मूळ बुरशीत शोधले आणि त्याला मायसेटोमा हे नाव दिले. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या जगप्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे कार्टर ते हेच. बऱ्याच दिवसांची, न दुखणारी, दाणे येणारी सूज दिसली तर ती कुरूप समजून तासत बसू नये. भूल देऊन तुकडा काढावा आणि तपासणीला पाठवावा.

लिग्नोकेन सुरक्षित आहे, पण मोजून दिले तरच. एकटे द्यायचे असेल तर शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण साडेचार मिलिग्रॅम ही मर्यादा. दोन टक्क्यांच्या बाटलीत दर मिलिलिटरला वीस मिलिग्रॅम असतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला साडेतेरा मिलिलिटरच्या वर जाऊ नये, आणि तळव्याच्या कामाला त्याच्या निम्मेही सहसा लागत नाही. औषध रक्तात जास्त गेले तर जिभेला मुंग्या येतात, तोंडात धातूची चव येते, कानात आवाज होतो. पेशंटने यातले काहीही सांगितले की तिथेच थांबायचे, कारण पुढची पायरी झटक्यांची असते. रक्त कमी वाहावे म्हणून काही बाटल्यांत अ‍ॅड्रेनॅलिन मिसळलेले असते. पायात रक्त आधीच कमी पोचत असेल, वर्षानुवर्षे बिडी ओढली असेल, तर बोटांसाठी साधी बाटलीच घ्यावी. काटा रुतलेल्या प्रत्येकाला धनुर्वाताची लस घेतली आहे का, हेही विचारावे.

लिग्नोकेनची भूल साधारण एक ते दोन तास राहते. तेवढा वेळ पायात चप्पल हवी आणि पाय चुलीपासून, गरम पाण्यापासून, गाडीच्या सायलेन्सरपासून दूर हवा. भूल उतरताना आधी स्पर्श आणि दाब कळू लागतो, मग मुंग्या येतात, आणि शेवटी जखम ठणकू लागते. तो ठणका सुरू होण्याआधीच पॅरासिटामॉलची गोळी घेतलेली बरी. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला यायचे, आणि जखम भरेपर्यंत वावरात अनवाणी जायचे नाही.